बंदर गल्लीचे अठरा ओटे

२०१६ च्या हिवाळ्यात डहाणू गावाच्या विकास आराखड्याचा प्रारूप नकाशा लोकांना पाहण्यासाठी लावण्यात आला. खाडीकडे उतरणाऱ्या बंदर गल्लीतली अठरा घरं त्यात वारसा म्हणून दाखवली होती. त्या घरांचे ओटे नकाशात नव्हते. दुसऱ्या दिवशी आमच्या दैनिकाच्या चौथ्या पानावर बातमी आली : ‘बंदर गल्ली वारसा यादीत, एकाही घराला धक्का नाही.’ ती बातमी माझी होती.

डहाणू आणि तलासरी हे दोन तालुके तेव्हा माझ्याकडे होते. तालुका वार्ताहराचं काम बाहेरून वाटतं तसं धावपळीचं नसतं. त्यातलं निम्मं काम भिंती वाचण्याचं असतं. तहसील, पंचायत समिती, पालिका, भूमी अभिलेख, प्रत्येक कार्यालयात एक फळा असतो आणि त्यावर टाचण्यांनी सूचना लावलेल्या असतात. लोक त्या वाचत नाहीत. आम्ही वाचतो आणि सोप्या भाषेत छापतो. मसोलीच्या नाक्यावरच्या चहाच्या टपरीवर मी सकाळी साडेनऊला पोचायचे, तोवर दोघे-तिघे कागद घेऊन बसलेले असत. बोर्डीचे एक निवृत्त मास्तर दर महिन्याला यायचे. त्यांच्या चिकूच्या वाडीतली विहीर वारसा यादीत घालावी असा त्यांचा आग्रह होता. यादी डहाणू शहराची आहे, बोर्डी त्यात येत नाही, हे मी त्यांना प्रत्येक वेळी सांगायचे. ते प्रत्येक वेळी मान डोलवायचे, माझ्या चहाचे पैसे देऊ लागायचे आणि पुढच्या महिन्यात विहिरीचा नवा फोटो घेऊन यायचे.

आराखडा म्हणजे काय, ते थोडक्यात सांगते. शहरात पुढची वीस वर्षं कुठे काय बांधता येईल, हे रंगांनी दाखवणारा तो नकाशा. पिवळा रहिवासासाठी, निळा दुकानांसाठी, हिरवा मोकळ्या जागेसाठी. प्रारूप लागलं की तीस दिवस मिळतात. त्या मुदतीत कुणीही साध्या कागदावर हरकत देऊ शकतो. मुदतीनंतर दिलेली हरकत कार्यालय घेतं, पण ऐकून घेण्याचं बंधन त्याच्यावर नसतं.

वारसा यादीत नाव आलं की घर वाचलं, असा सर्वसाधारण समज आहे. घर वाचतं, हे खरं. त्याच्या शेजारी काय उभं राहील, हे मात्र दुसऱ्याच रकान्यात ठरतं, आणि तो रकाना रस्त्याच्या रुंदीचा असतो. रस्ता जितका रुंद तितकी त्याला लागून असलेली इमारत उंच. बंदर गल्लीच्या टोकाला, खाडीच्या काठावर, लाकडाच्या जुन्या वखारी होत्या. ती जागा बाहेरगावच्या एका बांधकाम व्यावसायिकाने घेतली होती. तिथे जायला ही गल्ली सोडून दुसरी वाट नव्हती. गल्ली नऊ मीटरची ठरली तर वखारींच्या जागी पाच मजले चढणार होते. त्याहून अरुंद ठरली तर तळमजला आणि वर एक. प्रारूप नकाशात गल्ली नऊ मीटर दाखवली होती.

मी त्या दिवशी सभागृहात पट्टी लावून नकाशावर गल्ली मोजली. नऊ मीटर भरली. घरांच्या भिंतींना रस्त्याची रेघ कुठेच शिवत नव्हती. मी वहीत तसं लिहून घेतलं.

नकाशासमोर तेव्हा आणखी काही माणसं होती. तलासरीकडच्या एका गावातून आठ-दहा जण आले होते. त्या वर्षांत तिकडे वेगवेगळ्या कामांचे नकाशे लागत होते, त्यामुळे ‘नकाशा लागलाय’ एवढं ऐकून ते निघाले होते. एकाने मला त्यांचं गाव कुठे आहे ते विचारलं. या नकाशात नाही, मी म्हटलं. मग कुठल्या नकाशात आहे, त्याने विचारलं. ते मला माहीत नव्हतं.

त्यांच्यातच रघुनाथ वरठा होता. तो सुतार. तलासरीहून पहिल्या एसटीने येऊन डहाणू गावातल्या जुन्या घरांची लाकडी कामं करायचा. बंदर गल्लीतल्या बहुतेक घरांच्या दारा-खिडक्यांना त्याचा हात लागलेला होता. तो बराच वेळ नकाशात बघत राहिला. मग मला म्हणाला, “ताई, यात ओटे नाय दिसत.”

“नकाशात एवढं बारीक दाखवत नाहीत,” मी म्हटलं.

मी बातमी पाठवायला निघाले.

बंदर गल्लीत मी पंधरा वर्षं जात होते. तिथे दोन ट्रक समोरासमोर आले तर एकाला मागे जावं लागतं, हे मला माहीत होतं. नऊ मीटरच्या रस्त्यात ट्रक अडत नाहीत. हा हिशोब मी तेव्हा केला नाही.

गल्लीतलं प्रत्येक घर दुमजली. समोर दगडी ओटा, कमरेइतका उंच. ओट्याच्या कडेला सागाचे खांब, आणि वरच्या मजल्याचा पुढचा भाग त्या खांबांवर पेललेला. सकाळी आठला गल्लीत गेलं की दोन्ही बाजूंचे ओटे भरलेले असत. कुणी भाजी निवडतंय, कुणी दाढी करून घेतंय, कुणी नुसतंच समोरच्या ओट्यावरच्या माणसाशी कालचं भांडण पुढे चालवतंय. आवाज चढवायची गरज पडत नसे. खाडीच्या बाजूने सुक्या बोंबलाचा आणि डांबर लावलेल्या दोराचा वास यायचा. त्या वासाची जागा आता दुसऱ्या कशाने घेतली आहे, ते मला सांगता येत नाही.

डांबराचा वास हंसाबेनच्या ओट्यावरून यायचा. ती सासऱ्यांच्या वेळचं दुकान चालवायची. जाळ्याचं सूत, दोर, शिशाच्या गोळ्या, जाळं तरंगत ठेवणारे बोये. घरी गुजराती, दुकानात मराठी. गिऱ्हाईक चिंचणीपासून यायचं. दुकान म्हणजे ओटाच, आत फक्त माल. आणि तिथे दोर मीटरवर विकला जात नसे. ओट्याच्या मधल्या दोन खांबांना दोराचा वेढा घालायचा, या खांबापासून त्या खांबापर्यंत एक माप. त्याला ‘खांब’च म्हणत. दहा खांब दोर, वीस खांब दोर. चिंचणीत आणि आसपास कुणी हंसाबेनकडून दोर घेतला असं म्हटलं की दुसरा किती खांब तेच विचारायचा. मी एकदा एका रविवारच्या पुरवणीसाठी ते अंतर टेपने मोजलं होतं. दोन मीटर दहा सेंटीमीटर.

एकदा माझ्यासमोर एका नाखव्याने तिला विचारलं होतं, “बेन, तुमचे खांब पावसाळ्यात आकसतात काय? दोर कमी पडतो.”

“खांब नाय आकसत,” ती वेढा मोजत म्हणाली, “तुझी होडी वाढते.”

प्रारूप लागून पंचवीस दिवस झाले तेव्हा ती मसोलीच्या टपरीवर आली. तिला तिथे मी पूर्वी कधी पाहिलं नव्हतं. हातात माझ्या बातमीचं कात्रण होतं. वखारींची जागा घेतलेल्या व्यावसायिकाचा अभियंता आदल्या दिवशी गल्लीत टेप घेऊन आला होता. तो तिच्या ओट्यावर चढला, सुताच्या गुंड्या ओलांडून मागच्या भिंतीला त्याने टेप लावला आणि समोरच्या घराच्या भिंतीपर्यंत नेला. हे काय करताय, असं तिने विचारल्यावर त्याने सांगितलं, मावशी, ओटा रस्त्यात आहे, नकाशात बघा. माणूस उद्धट नव्हता, हेही तिने सांगितलं.

“बेन, तुमी लिहिलं का एकही घराला धक्का नाय,” ती म्हणाली. “मी वाचलं, मंग गप बसले. गल्लीत सगळ्यांना वाचून दाखवलं. कोणी अर्ज नाय दिला.”

मुदतीचे पाच दिवस उरले होते. त्यातला एक रविवार.

मी डेस्कवर फोन केला. तिथले वरिष्ठ, ज्यांना आम्ही सगळे अण्णा म्हणायचो, त्यांनी सगळं ऐकून घेतलं. “गल्ली मोजली होतीस की नकाशा?” त्यांनी विचारलं.

“नकाशा.”

“चूकदुरुस्ती पाठव. तीन ओळी.”

तीन ओळी दुसऱ्या दिवशी छापून आल्या, आतल्या पानावर, खाली. चूकदुरुस्ती वाचणारे आणि मूळ बातमी वाचणारे सहसा वेगळे असतात. म्हणून मी ती घेऊन गल्लीत गेले आणि अठरा घरी स्वतः सांगितलं. तीन घरी मला बसायला सांगितलं नाही. इतर घरी चहा झाला. शेवटच्या दिवशी कार्यालय बंद व्हायच्या आत अठरा हरकती दिल्या गेल्या. हंसाबेनने तिच्या हरकतीवर गुजरातीत सही केली आणि पोच मिळेपर्यंत खिडकी सोडली नाही.

हरकत दिली की पुरावा लागतो. भूमी अभिलेख कार्यालयातल्या एका बाईंनी दोन दिवस शोधून गल्लीचा जुना मोजणी नकाशा काढला. कापडावर चिकटवलेला, घड्यांवर फाटलेला. त्यात ओटे होते. घराची भिंत अखंड रेघेने आणि ओटा तुटक रेघेने दाखवलेला होता. खाली कोपऱ्यात खुलासा होता : तुटक रेघ म्हणजे ओटा, पायरी, पडवी. नव्या आराखड्यासाठी हे जुने नकाशे संगणकावर उतरवण्याचं काम बाहेरगावच्या एका खाजगी संस्थेला दिलेलं होतं. तिथे बसून रेघा गिरवणाऱ्यांनी अखंड रेघा गिरवल्या. तुटक सोडून दिल्या. ज्याने कधी ओटा पाहिला नाही त्याला तुटक रेघ म्हणजे कुणीतरी अर्धवट सोडलेलं काम वाटलं असणार. ही माझी अटकळ आहे. त्या माणसाला मी भेटलेले नाही.

सुनावणी २०१७ मध्ये झाली. व्यावसायिकाच्या बाजूने त्याच अभियंत्याने मुद्दा मांडला, आणि मुद्दा चुकीचा नव्हता. ओटे आहेत, हे मान्य. पण ते घराचा भाग आहेत की रस्त्यावर नंतर केलेली वाढ? वाढ असेल तर काढता येते, आणि काढता येत असेल तर रस्ता नऊ मीटरचाच. नगररचना विभागाचे अधिकारी देसले यांनी दोन्ही बाजूंना सांगितलं की हे कागदावर ठरणार नाही, जागेवर जाऊन पाहू. ओट्यावरचे खांब वरचा मजला पेलत असतील तर ओटा घराचा पाया समजायचा. पेलत नसतील तर नाही. प्रत्येक घर वेगळं पाहायचं. अभियंत्याने एवढंच म्हटलं, की एकही घर सोडू नये.

खांबावर भार आहे की नाही ते कसं ओळखायचं, हे देसलेंनी रघुनाथला विचारलं. गल्लीतल्या लोकांनी त्याला बोलावून घेतलं होतं. त्याने सांगितलं, कागदाने. खांब खालच्या दगडी बैठकीवर उभा असतो. भार असेल तर दोन्हींच्या मध्ये कागद शिरत नाही. खांब नुसता शोभेचा असेल तर शिरतो. अभियंत्याने थोडा विचार केला आणि ते मान्य केलं.

पाहणीच्या आदल्या दिवशी दुपारी मी हंसाबेनच्या ओट्यावर होते. रघुनाथ तिथे आला. तो बसला नाही.

“काकी,” तो म्हणाला, “उद्या तुमच्याकडं कागद शिरंल.”

२०१४ मध्ये तिच्या घराची, खांबांवर टेकलेली आणि वरचा मजला पेलणारी पुढची तुळई वाळवीने गेली होती. रघुनाथनेच ती काढून भिंतीपासून भिंतीपर्यंत लोखंडी गर्डर टाकला. त्यानंतर खांबांची गरज राहिली नव्हती. तो ते काढून नेणार होता. तिने ठेवून घेतले, कारण दोर कशाने मोजायचा?

“एक पाचर मारतो,” रघुनाथ म्हणाला. “वरच्या अंगाला. दोन ठोक्यांचं काम. मंग नाय शिरणार.”

हंसाबेन सूत गुंडाळत होती. तिचा हात थांबला नाही. “अने पाचर दिसली तर?”

“नाय दिसणार.”

“तू लावणार, तर तुला दिसेल ना?”

“मला दिसंल.”

“मंग दुसऱ्या सुतारला पण दिसेल. तो इंजिनेर उद्या दुसरा सुतार आणेल.” तिने गुंडी पुरी केली आणि बाजूला ठेवली. “एक खांबमा पाचर भेटली, तर बाकी सतरा घरांना कोण खरं मानेल?”

रघुनाथने माझ्याकडे पाहिलं. पाचर मार असं म्हणायचा मला अधिकार नव्हता आणि मारू नको असं म्हणायचा तर त्याहून नव्हता. तिने बातमीवर न विसंबता पहिल्याच दिवशी हरकत दिली असती तर निकाल वेगळा लागला असता, असं नाही. पण सगळ्यांना ती बातमी वाचून दाखवणारी ती होती, आणि लिहिणारी मी होते.

“जा तू,” ती त्याला म्हणाली. “उद्या वेळेवर ये. तुझी पहिली एसटी कधी वेळेवर असते, ते मला माहीत आहे.”

ती दोघं काय बोलली ते मी तेव्हा छापलं नाही. आज लिहिते आहे, कारण दोघांनीही परवानगी दिली आहे.

पाहणी सकाळी दहाला सुरू झाली. अभियंत्याने खरोखरच वापीहून एक सुतार आणला होता. रघुनाथ आणि तो, दोघे मिळून खांबामागून खांब पाहत गेले. कागद हंसाबेनने दिला. शिसं बांधायला ती रद्दी ठेवायची. रद्दी आमच्याच दैनिकाची होती. पहिल्या घरी कागद शिरला नाही. दुसऱ्या घरी नाही. वापीच्या सुताराने तिसऱ्या घरी खांबाच्या डोक्याशी शिडी लावून बोटं फिरवली, पाचर आहे का ते पाहिलं, आणि खाली येऊन मान हलवली. त्यानंतर त्याने प्रत्येक घरी शिडी लावली. गल्लीतली माणसं आपापल्या ओट्यावर उभी होती. एका घरी म्हाताऱ्या गृहस्थांनी आपल्या खांबाला पाठ टेकवून ठेवली होती, त्यांना बाजूला व्हायला सांगावं लागलं. समोरच्या ओट्यावरून कुणीतरी विचारलं, मजला तुम्ही पेलताय की खांब?

हंसाबेनचं घर अकरावं. रघुनाथ खांबापाशी उकिडवा बसला. कागदाची कड त्याने बैठकीला लावली, आणि ती आत गेली. अर्ध्या वितीपर्यंत गेली. त्याने कागद तसाच ठेवला आणि देसलेंना दिसावं म्हणून तो बाजूला सरकला.

“गर्डर आहे का?” वापीच्या सुताराने त्याला विचारलं.

“हाय. मीच टाकलाय.”

देसलेंनी वहीत लिहिलं. हंसाबेन म्हणाली, “आता पुढच्या घरी जा. उन्ह वाढते.”

उरलेल्या सात घरी कागद शिरला नाही.

त्यानंतर दीड वर्ष फळ्यावर काही लागलं नाही. मी दर सोमवारी पाहत होते. मास्तरांच्या विहिरीचे फोटो येत राहिले. रघुनाथचा मुक्काम अधूनमधून गल्लीत असायचा. एकदा टपरीवर भेटला तेव्हा मी त्याला म्हटलं, की त्या दिवशी नकाशासमोर मी त्याचं ऐकायला हवं होतं. तो म्हणाला, “तुमी घाईत होता, ताई.” मग त्याने मला तलासरीच्या नकाशाचं काही कळलं का, असं विचारलं. कळलं नव्हतं.

आराखडा २०१९ मध्ये मंजूर झाला. बंदर गल्लीचा तुकडा मी भिंग घेऊन पाहिला. सतरा ओटे अखंड रेघेने दाखवले आहेत. अकराव्या घरासमोर रेघ नाही. रस्त्याची रुंदी सर्वांत अरुंद जागी धरतात. ती पाच मीटर चाळीस सेंटीमीटर नोंदली आहे. गल्लीभोवती आणि वखारींच्या जागेभोवती एक पट्टा आखला आहे, त्यात तळमजला आणि वर एक याहून जास्त बांधता येत नाही. व्यावसायिकाने जागा विकल्याचं नंतर समजलं. कुणाला विकली, ते खात्रीने कळलेलं नाही.

त्याच उन्हाळ्यात गल्लीत गटाराचं काम निघालं. अकराव्या घराचा ओटा त्यात काढण्यात आला. रघुनाथ खांब उतरवायला आला होता. दगड मजुरांनी हलवले, खांबांना त्याने कुणाला हात लावू दिला नाही. मी त्या दिवशी बातमीसाठी गेले नव्हते. अशी बातमी होत नाही. गल्लीत दोन्ही बाजूंना माणसं बसलेली होती आणि मध्ये एका घराची भिंत सरळ रस्त्याला आलेली होती. एखादा दात पडल्यावर जीभ तिथेच जाते, तशी नजर तिथे जायची.

वर्षअखेरीस मी निवृत्त झाले. निरोप द्यायला म्हणून बंदर गल्लीत गेले. हंसाबेनचं दुकान आता आतल्या खोलीत आहे. चिंचणीचा एक नाखवा दारात उभा राहून वीस खांब दोर मागत होता. तिने दोर उचलला आणि भिंतीकडे वळली. भिंतीत दोन मोठे लाकडी खुंट ठोकलेले होते, सागाचे, एका बाजूने जुनं पॉलिश असलेले. ती दोराचे वेढे घालू लागली. गिऱ्हाईक गेल्यावर मी पिशवीतून टेप काढला आणि दोन खुंटांमधलं अंतर मोजलं.

दोन मीटर दहा सेंटीमीटर.